नो म्हणजे हो, ने म्हणजे पण हो

परत येऊन बरेच महिने झाले आणि मावशी रोज फोनवर विचारते, "लिहिलंस का गं?" म्हणून आज बसलेच एकदाची. ट्रिप सप्टेंबर २०२५ची, दिवस अकरा, देश पाच, माणसं तीन. आई, वय ६९, शाकाहारी, इंग्रजी शून्य पण मान डोलावण्यात पीएचडी. मावशी, वय ६५, बँकेतून रिटायर, इंग्रजीचा आत्मविश्वास ओसंडून वाहतोय. आणि मी, म्हणजे हमाल कम गुगल मॅप. मोठी ताई बर्लिनला असते, तिच्याकडे उतरायचं आणि तिथून खाली खाली सरकत ग्रीसमधून परत यायचं असा प्लॅन होता. व्हिसा एकच, शेंगेनचा, फी प्रत्येकी ९० युरो, तो पाचही देशांत चालतो, बल्गेरियात सुद्धा, कारण जानेवारी २०२५ पासून ते पूर्ण शेंगेनमध्ये आलेत. बुकिंगचं पुराण इथेच संपवते.

खरं तर मला किल्ले, चर्च, म्युझियम यावर लिहायचं होतं. पण घरी आल्यावर आम्ही तिघी आठवून आठवून हसतो ते एका शब्दावरून. शब्द तरी केवढा, एका अक्षराचा. ने. आणि त्याचा चुलतभाऊ नो.

दिवस १ आणि २, बर्लिन

दोन दिवस झोप, वरणभात आणि नातवाचे लाड, एवढंच झालं. ताईच्या खालच्या मजल्यावर एक जर्मन आजी राहतात. जिन्यात भेटल्या की हवेबद्दल काहीतरी बोलणार आणि वाक्याच्या शेवटी "ने?" असं लावणार. ताई म्हणाली, हे म्हणजे आपलं "ना?" छान ऊन पडलंय, ना? आईला हे एवढं पटलं की पुढच्या वेळी आजींनी "ने?" म्हटल्याबरोबर आई मराठीत "हो ना!" म्हणून मोकळी झाली आणि दोघी पाच मिनिटं जिन्यात उभ्या राहून आपापल्या भाषेत गप्पा मारत होत्या.

पण त्याच संध्याकाळी जेवताना भाचा, वय वर्षं पाच, बालवाडीत जर्मन आणि घरी मराठी, आजीने ताटात भाजी वाढल्यावर नाक मुरडून म्हणाला, "नेऽ!" आईने शांतपणे ताट उचललं आणि आत घेऊन गेली. पोरगं रडायला लागलं. ताई ओरडली, "अगं आई, ताट का नेलंस?" आई म्हणाली, "तोच म्हणाला की, ने." तर जर्मनमध्ये बोलताना नाही म्हणायचं असलं की तोच "ने" जरा लांबवतात. म्हणजे एकाच घरात, एकाच दिवशी, "ने" म्हणजे "ना?", "ने" म्हणजे "नाही" आणि "ने" म्हणजे "घेऊन जा". इथेच मला कळायला हवं होतं की ही ट्रिप कुठल्या दिशेने चाललीय.

दिवस ३ आणि ४, प्राग

बर्लिन ते प्राग ट्रेनने गेलो. टीप: ड्रेस्डेननंतर एल्बे नदी खिडकीला अगदी चिकटून येते, तेव्हा प्रागकडे जाताना डाव्या बाजूच्या सीट घ्या. आम्ही उजवीकडे होतो, दीड तास लोकांच्या डोक्यांवरून नदी बघितली.

प्रागवर नेटवर ढीगभर लिहिलेलं आहे, मी भर घालत नाही. गर्दी भयंकर. एकच सांगते, जुन्या पद्धतीच्या पबमध्ये बिअर संपत आली की वेटर न विचारता दुसरी आणून ठेवतो आणि चिठ्ठीवर रेघ मारतो. नको असेल तर ग्लासखालचा पुठ्ठ्याचा गोल तुकडा उचलून ग्लासवर ठेवायचा. हे मला शेजारच्या टेबलावरच्या माणसाने दुसरी बिअर आल्यावर सांगितलं. (आईसमोर बिअर पिण्याचा पहिलाच प्रसंग, तो वेगळा लेख.) आई म्हणाली, "आपल्याकडे पंगतीत पानावर आडवा हात धरतात, तसंच की."

दिवस ५, ओलोमोउत्स

हे गाव कुणीच करत नाही, म्हणून मुद्दाम घेतलं. प्रागहून ट्रेनने सव्वादोन तास, मोराव्हिया भागात. चौकात ३५ मीटर उंच दगडी स्तंभ आहे, २०००पासून जागतिक वारसा यादीत. आणि टाऊन हॉलच्या भिंतीवर खगोलीय घड्याळ, प्रागसारखंच, फक्त हे युद्धात मे १९४५मध्ये मोडलं आणि १९५५मध्ये कम्युनिस्ट राजवटीत नव्याने केलं, त्यामुळे संतांच्या जागी कामगार फिरतात! दुपारी बाराला बाहुल्या फिरायला लागतात, हातात हत्यारं वगैरे. मावशी युनियनमध्ये होती, तिने टाळ्या वाजवल्या. आणि चौकात आम्ही धरून पंधरा माणसं, प्रागच्या घड्याळापुढच्या चेंगराचेंगरीनंतर हे म्हणजे स्वर्ग.

आता जेवण. इथलं प्रसिद्ध चीज त्वारूझ्की, पिवळं, चकचकीत, छोट्या चकत्या, आणि वास... कसं सांगू, पावसाळ्यात दोन दिवस ओले राहिलेले मोजे. पण चव चांगली आहे हो, खारट, तिखटसर, आणि फॅट एक टक्क्याहून कमी, त्यामुळे मावशीच्या डाएटमध्ये बसलं. गल्लीतल्या छोट्या हॉटेलात शिरलो, वाढायला साठीच्या एक बाई, एप्रन, चष्मा दोरीने गळ्यात, इंग्रजीचा गंध नाही. मावशीने तळलेलं त्वारूझ्की घेतलं, आईने तळलेलं साधं चीज आणि उकडलेले बटाटे. (शाकाहारी लोकांनो, "स्माझेनी सीर" हे दोन शब्द पाठ करा, चेक देशात उपाशी मरणार नाही. मांस नको हे सांगायला "बेझ मासा". आई म्हणाली, मासा नको आणि मांसही नको, एकाच शब्दात काम झालं. सूप मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका, लसणाच्या सुपात सुद्धा हॅम निघतं.)

मावशीची प्लेट संपली, ती रुमालाने हात पुसत होती तेवढ्यात बाई आल्या, रिकाम्या प्लेटकडे बोट करून काहीतरी विचारलं, अर्थ सरळ होता, अजून आणू का? मावशी गोड हसून म्हणाली, "नो, नो, नो."

बाईंचा चेहरा उजळला. "नो!" म्हणाल्या त्या पण, आणि आत गेल्या.

दहा मिनिटांनी दुसरी प्लेट. तेवढीच मोठी. तोच वास. मावशी माझ्याकडे बघतेय, मी आईकडे, आई खिडकीबाहेर. शेजारच्या टेबलावर एक कॉलेजची मुलगी बसली होती, तिला हसू आवरेना, शेवटी तीच वळून म्हणाली की चेकमध्ये "नो" म्हणजे साधारण "हो, हो ना, बरं" असंच. व्यवस्थित हो म्हणजे "आनो", घरगुती हो म्हणजे "यो", आणि बोलता बोलता हुंकार भरायचा तर "नो". "नो यो" म्हणजे "हो बाबा, काय करणार." नाही साठी शब्द आहे "ने". आणि "नो ने!" म्हणजे? तर म्हणे "अगंबाई, काय सांगतेस!"

मावशी म्हणाली, "नो ने!" अगदी बरोबर जागी. मुलीने टाळी दिली.

प्लेटचे पैसे अर्थात बिलात लागले, त्यात त्या बाईंची काही चूक नाही, मावशी तीनदा हो म्हणाली होती. अर्धी प्लेट मी संपवली, उरलेली डब्यात घेतली, आणि ही आमची चूक नंबर दोन, कारण दुसऱ्या दिवशी क्राकोच्या ट्रेनमध्ये ती पिशवी वर ठेवल्यावर आमच्या डब्यातली दोन माणसं उठून दुसरीकडे गेली.

दिवस ६ आणि ७, क्राको

बोहुमिनला गाडी बदलून क्राको. दोन्ही दिवस पाऊस, बारीक, आपल्या आषाढातल्यासारखा, छत्रीला न जुमानणारा. मुख्य चौकातल्या सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला तुतारीची धून वाजते आणि मधेच तुटते, सूर पुरा होतच नाही. जुन्या काळी हल्ल्याचा इशारा देणाऱ्या तुतारीवाल्याच्या गळ्यात बाण लागला म्हणून, अशी गोष्ट सांगतात. आईला ते अर्धवट सोडणं इतकं लागलं की ती पुढच्या तासाला परत पावसात उभी, यावेळी तरी पूर्ण वाजवतोय का बघायला. नाही वाजवली.

खायला "बार म्लेच्नी", म्हणजे दूध बार, कम्युनिस्ट काळापासूनच्या स्वस्त खाणावळी. ट्रे घ्या, रांगेत उभे राहा, खिडकीतून प्लेट येते. पियेरोगी रुस्किये म्हणजे बटाटा आणि ताज्या चीजचं सारण भरलेले उकडलेले मोदकच समजा, आकार करंजीचा. टीप: वरून डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे टाकतात, आधीच "बेझ स्क्वारेक" म्हणा. हा "बेझ" चेक, पोलिश, बल्गेरियन तिन्हीत तोच, "शिवाय" या अर्थाचा, आमच्या ट्रिपमधला सगळ्यात प्रामाणिक शब्द. इथे मांसासाठी "बेझ म्येंसा", आणि तो शब्द आपल्या मांसाचा सख्खा नातेवाईक आहे, भाषावाले सांगतात आणि कानालाही पटतं.

तर रांगेत आमच्यापुढे एक तरुण मुलगा, फोन कानाला, आणि सलग पाच मिनिटं: "नो... नो... नो. नो-नो-नो. नोऽऽ." मावशी कुजबुजली, "बिचाऱ्याचं ब्रेकअप चाललंय." मग तो हसला, फोनला पप्पी दिली आणि ठेवला. पोलिशमध्येही "नो" म्हणजे "हं, हो हो"! खरा "हो" म्हणजे "ताक" (हो, ताक, आईने चार वेळा खात्री केली) आणि नाही म्हणजे "न्ये". आमच्या होस्टेलच्या रिसेप्शनवरचा मुलगा म्हणाला की लहानपणी "नो" म्हटलं की घरी ओरडा बसायचा, "नो नाही म्हणायचं, ताक म्हणायचं." आपल्याकडे नाही का, मोठ्यांनी हाक मारली की "ओ" म्हण, "काय?" म्हणू नको, तसलंच. म्हणजे नियम असा दिसतो की जवळच्यांना नो, परक्यांना ताक. मावशीला हे फारच आवडलं आणि तिने घरी फोन लावून काकांशी पूर्ण संभाषण "नो" मध्ये केलं. काकांनी मला मेसेज टाकला, तिची तब्येत बरी आहे ना?

अजून एक टीप, ही पैशाची आहे: पोलंडमध्ये हॉटेलात बिलाचे पैसे हातात देताना "जेंकुये" म्हणजे धन्यवाद म्हणू नका, त्याचा अर्थ सुट्टे तुम्हीच ठेवा असा होतो. मी म्हटलं. शिष्टाचार महागात पडला.

क्राकोच्या रस्त्यांवर निळ्या-काचेच्या हातगाड्यांवर ओब्वाझानेक मिळतो, पिळाची गोल कडक ब्रेड, वर खसखस किंवा तीळ. तेव्हा चार-एक झ्लोटी (पोलंडचं चलन) पडले. हा गोल आकार लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

दिवस ८ आणि ९, सोफिया

विमानाने, मधे एक बदलून. उतरलो तर ऊन, कोरडी हवा, मागे विटोशा डोंगर, आईचे गुडघे लगेच खूश.

सगळ्या पाट्या सिरिलिक लिपीत. मावशी मोठ्याने वाचत सुटली, "पेक्टोपाहट." ते "रेस्तोरांत" होतं. तिथे आपला पी म्हणजे र, सी म्हणजे स आणि एच म्हणजे न. आईला मात्र काहीच त्रास नाही, तिला बर्लिनपासून सगळ्याच पाट्या सारख्या होत्या.

इथे एक मोठी भानगड आहे आणि ती मला वाचून माहीत होती तरी माझी वाट लागली. बल्गेरियात हो म्हणजे "दा" आणि नाही म्हणजे "ने", इथवर ठीक. पण मान उलटी चालते. हो म्हणताना डावी-उजवीकडे हलवतात आणि नाही म्हणताना वर-खाली. त्यात परक्या माणसाशी बोलतोय म्हणून काही जण मुद्दाम आपल्या पद्धतीने हलवतात, म्हणजे समोरचा कुठल्या पद्धतीत आहे तेच कळत नाही. याच्यावर तलवार गळ्याशी धरलेल्या तुर्की शिपायांची एक गोष्ट सांगतात, मला ती टुरिस्टांसाठीच रचलेली वाटते. आणि "नो" हा शब्द इथेही आहेच! इथे त्याचा अर्थ "पण".

आता कल्पना करा, बेकरीच्या काउंटरवर मावशी बनित्सा नावाच्या भरलेल्या पदार्थाकडे बोट दाखवून विचारतेय, "नो मीट?" काउंटरवरच्या बाईने मान आडवी हलवली. आता तुम्हीच सांगा. मांस नाही असं म्हणतेय? की "मांस नाही ना?" ला "हो" म्हणतेय? की "नाही, आहे" म्हणतेय? की तिला नुसतं "पण मीट?" ऐकू आलं आणि ती पुढच्या वाक्याची वाट बघतेय? मी "बेझ मेसो?" म्हटलं, ती "दा, दा" म्हणाली, मान आडवीच. घेतली. आत पांढरं खारट चीज आणि अंडं होतं, आईसाठी अंडंही बाद, मग तिच्यासाठी दही आणि बोझा.

बोझा म्हणजे धान्य आंबवून केलेलं घट्ट, गोडूस, किंचित आंबट पेय, मातकट रंगाचं. नाव ऐकून आई म्हणाली, "कसला बोझा?" पण एक घोट घेतला आणि डोळे मोठे केले. "अगं, ही तर आंबील!" बाजरीसारख्या भरड धान्याची पण करतात म्हणे, त्यामुळे फार चुकली नाही ती. मावशीला एक घोट जाईना, आईने दोघींचे ग्लास संपवले. दही पण अप्रतिम, शेवटी दह्याच्या ज्या जंतूच्या नावात बल्गेरिया आहे तो १९०५मध्ये इथल्याच एका डॉक्टरने, स्तामेन ग्रिगोरोव्हने शोधला.

सगळ्यात आवडलेला प्रसंग जुन्या स्नानगृहाच्या इमारतीपाशी. तिथे रस्त्याकडेला नळ आहेत, जमिनीतून येणारं गरम खनिज पाणी चोवीस तास वाहतं आणि लोक पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन भरायला येतात. आपल्या वाड्यातला सार्वजनिक नळच, फक्त भांडणं नाहीत. आई रिकामी बाटली घेऊन उभी, एका आजोबांकडे बघून तिने भुवया उडवल्या, घेऊ का? आजोबांनी मान आडवी हलवली. आई मागे सरकली. आजोबांनी अजून जोरात हलवली. आई अजून मागे. शेवटी त्यांनी पुढे येऊन तिच्या हातातून बाटली घेतली, भरली, परत दिली. आणि मग आईने जे केलं ते बघायला हवं होतं. आपली ती खास मान असते ना, ना हो ना नाही, "हो हो, बरं झालं, छान" अशी दोन्ही खांद्यांकडे तिरपी डोलणारी, तशी तिने डोलावली. आजोबांनी तश्शीच परत डोलावली! हुबेहूब! दोघं अर्धा मिनिट नुसते डोलत होते. आठ दिवस युरोपभर जी मान कुणाला कळली नव्हती ती इथे पहिल्या झटक्यात कळली. त्यानंतर सोफियात सगळे व्यवहार आम्ही आईवर सोपवले, फळं, तिकीट, गुलाबाच्या पाकळ्यांचा जॅम (ओळखीची चव, आपला गुलकंदच, जरा पातळ, आईने मोठी बरणी घेतली, ही बरणी पण लक्षात ठेवा).

संध्याकाळी राष्ट्रीय ग्रंथालयासमोर सिरिल आणि मेथोडियस या दोन भावांचा पुतळा बघितला. हे नववं शतक. ८६३मध्ये हे दोघं मोराव्हियात गेले, म्हणजे आमच्या त्या वासाच्या चीजच्या प्रदेशात, आणि तिथल्या लोकांच्या स्लाव भाषेत (चेक, पोलिश, बल्गेरियन याच कुळातल्या) धर्मग्रंथ लिहिता यावेत म्हणून त्यांनी लिपी तयार केली. आज दिसते ती सिरिलिक त्यांच्या शिष्यपरंपरेतून पुढे बल्गेरियात घडली. २४ मेला इथे लिपीचा सण असतो, सुट्टी असते. लिपीसाठी सुट्टी, मला फार हेवा वाटला. आणि हे भाऊ मूळचे कुठले? थेस्सालोनिकीचे. आमचा पुढचा मुक्काम.

टीप: आम्ही गेलो तेव्हा लेव चालत होते, १ युरोला साधारण १.९६. जानेवारी २०२६पासून तिथेही युरोच आहे, तेव्हा तुमचं एक काम कमी.

दिवस १०, सोफिया ते थेस्सालोनिकी

सकाळी बसस्टँडवर गेलो. फलाट सापडला, बस उभी, पण पाटीवर थेस्सालोनिकी नाहीच, दुसरंच काहीतरी छोटं नाव. मावशीने वाचायला घेतलं आणि "को" नंतर हात टेकले. ड्रायव्हर दारात सिगरेट ओढत उभा. मी विचारलं, थेस्सालोनिकी? त्याने मान आडवी हलवली. मी दोन दिवस बल्गेरियात काढलेली, सगळं माहीत असलेली, वर लोकांना टिपा देणारी बाई, थँक्यू म्हणाले आणि परत बाकावर येऊन बसले. सुटायला तीन मिनिटं उरली तेव्हा आई म्हणाली, "तो हो म्हणाला ना गं मघाशी?" बॅगा घेऊन पळत सुटलो. ड्रायव्हर मान आडवी हलवत "दा! दा! सोलून! सोलून!" बल्गेरियनमध्ये थेस्सालोनिकीला सोलून म्हणतात. पाटीवर तेच होतं. बसभर लोक आमच्याकडे बघत होते आणि आई एकेकाला तिरपी मान डोलावत सीटकडे गेली, सगळ्यांनी माफ केलं.

तीनशेच्या आसपास किलोमीटर, साडेचार तास लागले, स्त्रुमा नदीची दरी सुंदर आहे. सीमेवर पासपोर्ट काढावाच लागला नाही. झोपून उठलो तर पाट्यांची लिपी परत बदललेली.

संध्याकाळी समुद्राकाठी चाललो. पांढरा मनोरा, शेजारी तळलेल्या माशांचा वास, आणि खाडीपलीकडे धूसर असा ऑलिंपस डोंगर, सगळे दिवस दिसत नाही म्हणतात, आम्हाला दिसला. हातगाडीवर कुलुरी, तिळाची गोल ब्रेड. क्राकोच्या ओब्वाझानेकची मावसबहीण. मावशी आता पक्की तयार झाली होती. चेक ने म्हणजे नाही, बल्गेरियन ने म्हणजे नाही, जर्मन लांब ने म्हणजे नाही, पोलिश न्ये पण नाही. चार देशांचा अभ्यास. आता नो म्हणून फसणार नाही, कुठेही गेलं तरी सरळ ने म्हणायचं, असं तिने बसमध्येच जाहीर केलं होतं.

तुम्हाला कळलंच असेल.

दिवस ११, आनो पोली

सकाळी वरच्या जुन्या गावात गेलो, तटबंदी, लाकडी घरं, मांजरी. भागाचं नाव आनो पोली. ग्रीकमध्ये "आनो" म्हणजे वरचं. चेकमध्ये आनो म्हणजे हो. मराठीत, आईच्या कानाला, "आणा पोळी", आणि तिला खरंच अकरा दिवसांत पोळी मिळाली नव्हती त्यामुळे तो विनोद नव्हता.

तिथे एका चढावर छोट्या दुकानात बुगात्सा खाल्ला. पातळ पापुद्र्यांची पुरी-पॅटिससारखी घडी, आत गोड क्रीम, सुरीने ठक ठक चौकोनी तुकडे करून वर पिठीसाखर आणि दालचिनी. चीजचा पण मिळतो. मालक पन्नाशीचे, मिशीवाले, मावशीची प्लेट रिकामी बघून सुरी वर धरून भुवया उडवल्या. मावशी, ठामपणे: "ने, ने!"

ठक ठक ठक. दुसरी प्लेट.

ग्रीकमध्ये ने म्हणजे हो. लिहिताना "नाइ" अशी अक्षरं आहेत, प्राचीन काळी तसंच म्हणायचे, उच्चार बदलत ने झाला. स्लाव लोकांचा "ने" मात्र आपल्या संस्कृत "न" च्याच मुळातला, म्हणजे आपल्या नाहीचा भाऊबंद, त्याचा या ग्रीक ने शी काही संबंध नाही, नुसते सारखे दिसतात, जत्रेत हरवलेले नसलेले जुळे. मला तिथे बसून एकदम ते दोन भाऊ आठवले. या गावात तेव्हा ग्रीक चालायची आणि आजूबाजूला स्लाव बोलीही कानावर पडायची. म्हणजे लहानपणी घरात ने म्हटलं की खाऊ मिळत असणार आणि गल्लीत ने म्हटलं की नाही मिळत असणार. आणि याच पोरांनी पुढे जाऊन दुसऱ्या ने वाल्यांना अक्षरं दिली. हे मी मावशीला सांगत होते, ती म्हणाली, "ते राहू दे, ही प्लेट कोण खाणार?"

ग्रीकमध्ये नाहीला म्हणतात "ओही". याचीसुद्धा सुट्टी असते, २८ ऑक्टोबरला, १९४०मध्ये त्या दिवशी ग्रीसने मुसोलिनीच्या इटलीची धमकी धुडकावली म्हणून. एक देश लिपीला सुट्टी देतो, एक नाही म्हटल्याला. आपल्याकडे नाही, नको, नये, नव्हे एवढे चार आहेत, सुट्टी एकालाही नाही.

पण खरी गंमत आईने केली. मालक तिच्याकडे वळले, ती काही बोललीच नाही, मान जराशी मागे टाकली, भुवया वर आणि जिभेने "च्च". आपण नाही का करत, "चहा घेणार?" "च्च." मालकांनी सुरी खाली ठेवली, मान तशीच मागे टाकून "च्च" केलं आणि हसले. ग्रीकांची नाही म्हणायची पद्धत हीच. तुर्कस्तानात, इटलीच्या खालच्या भागातही चालते म्हणे. मावशीने विचारलं, "ताई, तुला कसं माहीत?" आई म्हणाली, "काय माहीत? मला नको होतं."

टिपा शेवटच्या: आनो पोलीला चढण खूप आहे, वर जाताना बस घ्या, उतरताना चाला. मांस नको तर "होरीस क्रेआस", इथे बेझ चालत नाही. आणि कुणी फोनवर "ने, ने, ने" करत असेल तर ते भांडत नाहीयेत.

संध्याकाळी विमानतळ. हँडबॅग तपासणीत आईची पिशवी बाजूला निघाली, आतून गुलकंदाची ती मोठी बरणी. मी तिला चारदा सांगितलं होतं की चेक-इनच्या बॅगेत टाक, फुटेल म्हणून तिने ऐकलं नाही. शंभर मिलीच्या वर तिथे चालत नव्हतं, आणि ही चांगली अर्ध्या किलोची. तपासणीवाली मुलगी तरुण होती, तिलाच वाईट वाटत होतं. बरणी हातात धरून तिने आईला इंग्रजीत विचारलं, ही तुमची का?

आईने बरणीकडे एकदा बघितलं आणि सुस्कारा टाकून म्हणाली, "ने."